पावणेचार सेकंदांची ईना

रौनो केम्पाइनेनच्या घरात आवाज रग्गड होते, बोलणारं मात्र कोणी नव्हतं. आमच्या उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या औलू शहरात, तुइरा भागात, चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या. एकीत पलंग, दुसरीत यंत्रं. चौसष्ट वर्षांचा गडी. गावातल्या नाटकघरात तीस वर्षं आवाजाचं काम केलेलं. वीज कडाडली की रौनो, दार करकरलं की रौनो, पडद्यामागे घोडा दौडला की रौनो. गेल्या वसंतात निवृत्त झाला तेव्हा केक कापला, टाळ्या झाल्या, आणि आता रौनो चार शब्द बोलेल म्हणून सगळे थांबले. रौनो तीनच बोलला. "बरं. आभारी आहे." आमच्याकडे माणसं तशीही तोंडात मिठाची गुळणी धरूनच जन्माला येतात, पण या बाबाने त्यातही पहिला नंबर काढला होता.

नाटकघर हा झाला पोटापाण्याचा धंदा. जीव अडकला होता तो दुसरीकडेच. रौनो आवाज ताणायचा.

टेप हळू फिरवली की बाईमाणसाचा आवाज रेड्यासारखा होतो, हे कोणीही सांगेल. रौनोचं तसं नव्हतं. तो आवाजाचे दाणे करायचा, एका सेकंदाचे शंभर. मग तांदूळ निवडायला बसल्यासारखा एकेक दाणा घ्यायचा, तोच तोच वाजवायचा, शेजारच्या दाण्यावर जरासा चढवायचा, आणि पुढे सरकायचा ते गोगलगायीच्या चालीने. सूर जागचा हलत नाही, वेळ तेवढी लांबते. चार सेकंदांचा आवाज असा चाळीस मिनिटं पुरतो. मग त्यात ना माणूस ओळखू येत ना वाद्य. नुसता सूर धुक्यासारखा खोलीभर पसरून राहतो.

शेजारच्या हेल्वीबाईंना तो भिंतीतून ऐकू यायचा. बाई आता चौऱ्याऐंशीच्या. गेली पंचवीस वर्षं त्यांचा एकच प्रश्न.

"रौनो, तुझा फ्रीज मरतोय का रे?"

"संगीत आहे, हेल्वीबाई."

"असं होय? मग संपतं कधी ते?"

आता कोणाला हसू येईल, पण बर्लिनपासून ओसाकापर्यंत दोन-तीनशे माणसं अशी होती, जी रौनोच्या नव्या संग्रहाची वाट बघत असायची. त्याच्या एका रचनेला तर कुठल्याशा मासिकाने 'दूर गेलेल्या देवदूताचा सूर' म्हटलं होतं. तो कागद रौनोने घडी करून खणात ठेवला होता. हा देवदूत म्हणजे त्याची मुलगी ईना. वय वर्षं सात, तोंड उघडून नुसतं "आऽऽ" म्हणतेय. पावणेचार सेकंद. तेवढ्या भांडवलावर या माणसाने अठ्ठावीस वर्षं काढली, नऊ संग्रह केले. कधी त्याच्या खाली नदीच्या बर्फाचा आवाज पसरला, कधी वर घंटा शिंपडल्या, पण मधला धागा तोच.

आणि खरी ईना? ती आठ वर्षांची असताना एकदा खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. रौनोच्या कानांवर हेडफोन, त्यात तिचाच आवाज. ती म्हणाली, "बाबा." त्याने न बघता हात वर करून तिला थांबवलं. ती थांबली, थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. आता काय म्हणावं या माणसाला! पोर दारात उभी, आणि बाप पोरीचा आवाज ऐकतोय. पुढच्या वर्षी त्याची बायको मार्युत मुलीला घेऊन दूरच्या युव्हास्क्युला शहरात राहायला गेली. भांडण झालं नाही. भांडायलासुद्धा दोघांनी बोलावं लागतं.

नंतर नाताळला कार्डं यायची, जायची. ईनाचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, साइमी. बारशाला रौनो जाऊन आला, कोपऱ्यात बसून कॉफी प्यायला, परतला. त्याला सहा वर्षं झाली. आणि या नोव्हेंबरात, एका सोमवारी, ईनाचा निरोप फोनवर आला.

'शनिवारी साइमीला सहा वर्षं पूर्ण होतायत. मी लहानपणी कशी बोलायचे ते तिला ऐकायचंय. आईकडे काहीच नाही. तुम्ही तर सगळं रेकॉर्ड करायचात. काही असेल तर घेऊन या. दुपारी दोन वाजता.'

रौनोने तो निरोप उभ्याने वाचला, मग बसून वाचला. 'असेल तर घेऊन या.' आणि नसेल तर? नसेल तरी यायचं की नाही, हे लिहिलेलं नव्हतं. विचारायची त्याची छाती नव्हती. त्याने आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की रिकाम्या हाताने त्या दारात जायचं नाही. गेलो, तर पुन्हा बोलावणं येणार नाही.

सोमवार, मंगळवार, बुधवार तो शोधत होता. रौनोचं काम म्हणजे चोख. सगळं तारीखवार, बारीक अक्षरात लिहिलेलं. नदीचा बर्फ तडकताना, तीन प्रकार. कागदाच्या गिरणीचा भोंगा. चहाची किटली. हेल्वीबाईंचा फ्रीज. ईनाच्या नावावर मात्र एकच नोंद निघाली, 'आऽऽ, पावणेचार सेकंद'. पुढे काही नाही, मागे काही नाही.

असणार कसं? छाटायची सवय ना. आवाजवाल्या लोकांचा हा धर्मच असतो. सूर सुरू होण्याच्या आधीचं कापायचं, सूर विरल्यानंतरचं कापायचं, मधला स्वच्छ तुकडा तेवढा ठेवायचा. त्यातही रौनो जास्तीच कडक. घरातला कचरा एखादवेळी दोन दिवस राहील, पण रेकॉर्डिंगमधला श्वास, खोकला, पाऊल, बोलणं तो त्याच दिवशी छाटून पुसून टाकायचा. मुलीचं बोलणं त्याच्या लेखी कचरा होतं, आणि कचरा तो साठवत नसे.

बुधवारी दुपारी त्याने चाळीस मिनिटांची आपली गाजलेली रचना घेतली आणि उलटी दाबून पुन्हा पावणेचार सेकंदांची केली. जणू मधे कुठे एखादा शब्द दडून राहिला असेल. निघालं काय? आऽऽ. मग त्याच्या हातून आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायला नको, पण सांगतो. नाटकघराच्या जुन्या संग्रहात 'मुलगी, वय सात, बडबड' असा एक तुकडा होता. कोणाची पोर, देव जाणे. तो त्याने लावला, पूर्ण ऐकला. आवाज गोड होता. साइमीला काय कळणार? मग ईनाचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि त्याचे कान लाजेने तापले. त्याने यंत्र बंद केलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तीन वाजले होते, बाहेर अंधारून आलं होतं, आणि खाली कोणाचं तरी पोर सायकलवरचा बर्फ हातमोज्याने झाडत होतं. रौनोला फार एकटं वाटलं. तसं ते त्याला नेहमीच वाटायचं, पण इतके दिवस त्याला तो शांतता म्हणायचा.

गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात हा इमारतीच्या तळघरातल्या सौनामधला, म्हणजे सगळ्यांच्या वाफेच्या खोलीतला, रौनोचा ठरलेला तास. कुटुंब तिघांचं होतं तेव्हा मिळालेला तास, तो त्याने कधी सोडला नव्हता. तीन माणसांच्या बाकावर एकटाच घाम गाळत बसायचा. त्याच्यानंतर सात वाजता हेल्वीबाईंचा तास. तो बाहेर आला तेव्हा बाई टॉवेल आणि बादली घेऊन बाकड्यावर हजर.

"काय रे, तोंड का असं? कोणी गेलं का?"

"नाही."

"मग कोणी येतंय?"

रौनोने सांगितलं. पाच-सहा वाक्यं झाली असतील. वसंतापासून एवढं तो एकदम बोलला नव्हता. हेल्वीबाईंनी ऐकून घेतलं आणि हात जोरात मांडीवर मारला.

"आणि तुझ्याकडे काही नाही म्हणतोस? तुझ्याकडे? अरे, माझ्या फ्रीजची घरघर तू माइक लावून घेऊन गेलायस, आणि पोटच्या पोरीचं बोलणं नाही?"

"बोलणं नाही. आऽऽ आहे."

"कुठला आऽऽ? इथला?" बाईंनी अंगठ्याने सौनाला लागून असलेल्या न्हाणीघराचं दार दाखवलं. "त्या दिवशीचा? वा रे वा! माझी पंधरा मिनिटं खाल्लीस तू त्या दिवशी. मी इथे ताटकळत बसलेय, आत पोर एकटी माइकशी गप्पा मारतेय, आणि तू वर!"

"मी आत होतो."

"तू वर होतास, रौनो. शेवटी मीच गेले आत."

रौनोला तसं काही आठवेना. त्याला न्हाणीघराच्या फरशा आठवत होत्या, त्यांच्यात सूर किती सुरेख घुमायचा ते आठवत होतं, माइक जमिनीपासून किती वर लावला होता तेही आठवत होतं. मुलीने काय घातलं होतं, ते नाही.

"टेप चालू होती का?" बाईंनी विचारलं.

"असणार."

"मग माझं तोंड काय बघतोस? टेपला विचार जा. आणि सर बाजूला, या वेळी माझा तास मी देणार नाही."

टेप! ती त्याची नव्हतीच. त्या काळी तो नाटकघराची टेप उसनी आणायचा, घरी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, हवा तो तुकडा ठेवायचा, बाकीचं कॉम्प्युटरवरून पुसायचा आणि टेप परत नेऊन द्यायचा. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरात तीन दिवस धुंडाळलं ते अठ्ठावीस वर्षं नाटकघराच्या फळीवर पडून असेल, किंवा कधीच उकिरड्यावर गेलं असेल.

शुक्रवारी सकाळी ताज्या बर्फातून सायकल हाणत तो नाटकघराच्या भांडारात पोचला. भांडार सांभाळणारा ओस्मो त्याच्यापेक्षा वयाने लहान, पण कुरकुरण्यात म्हातारा.

"जुन्या टेपा? फेकायच्या म्हणून तीनदा खाली काढल्या," ओस्मो म्हणाला. "तीनदा परत ठेवल्या. उकिरडा अंगणाच्या त्या टोकाला. जातंय कोण!"

ओस्मोच्या आळसाचं भलं होवो. पत्त्यांच्या कॅटाएवढी ती कॅसेट चौथ्या खोक्यात सापडली. वर रौनोचंच अक्षर, 'वादळ, अंक दुसरा'. जुनं यंत्र तिथेच होतं. रौनोने हेडफोन लावले. वादळ झालं, पाऊस झाला, मग खट्ट झालं, आणि फरशांचं ते घुमणं सुरू झालं.

"बाबा, हा दिवा हिरवा का आहे?"

रौनोने डोळे मिटले.

"गप्प. आता फक्त आऽऽ," त्याचाच आवाज. तरुण आणि घाईतला.

"आऽऽ. बाबा, माझा दात हलतोय. बघ ना."

"ईना. आऽऽ."

"आऽऽ. बाबा, माहितेय, शाळेतला ससा पळाला! आम्ही सगळे शोधतोय, शोधतोय, तर तो बाईंच्या..."

"गप्प बस ना गं. पुन्हा."

असं चाललं होतं. दात, ससा, मैत्रिणीची लाल टोपी, आणि दर वेळी मधे तो. अकरा वेळा 'गप्प'. मग त्याचा आवाज म्हणाला, "बॅटरी संपत आलीय. वरून आणतो. हलू नकोस." पावलं गेली, दार लागलं.

नळ ठिबकत होता. बराच वेळ तेवढंच. मग अगदी जवळून, माइकला ओठ लावल्यासारखी ईना बोलली.

"माइक, तू ऐकतोयस ना? मी ईना. ससा बाईंच्या बुटात बसला होता. खरंच." थोडं थांबून, "बाबा?" कोणी बोललं नाही. "बाबा, मला थंडी वाजतेय." पुन्हा नळ. मग ती माइकला हळूच म्हणाली, "त्याला फक्त आऽऽ आवडतं. मी छान आऽऽ केलं ना, की तो येईल."

आणि मग तो सूर आला.

पहिल्या दाण्यालाच रौनोने ओळखला. त्या सुराचा कण न् कण त्याला पाठ होता. कुठे तो किंचित थरथरतो, कुठे पातळ होतो, कुठे संपता संपता वर जातो. तोच. त्या दिवशी टेप वर घरात नेल्यावर त्याने तिच्यावरची ही सगळी अठरा मिनिटं ऐकलीच नव्हती. ऐकतंय कोण? या लोकांची रीतच ती. पडद्यावर आवाजाची नक्षी बघायची, तीतला सगळ्यात स्वच्छ फुगवटा डोळ्यांनी हेरायचा, कापायचा. तो सूर सगळ्यात स्वच्छ होता, कारण त्यात रौनोचं पाऊल नव्हतं, खाकरणं नव्हतं, गप्प नव्हतं. त्यात रौनोच नव्हता.

सूर संपला. छाटलेल्या जागेच्या पलीकडचं रौनो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता.

"बाबा? छान होता?"

मग आणखी एक आऽऽ. आणखी एक. एकदा खूप मोठ्याने. मग हेल्वीबाईंचा आवाज, "अगं, एकटीच तू? बाप कुठंय तुझा?"

बाप वर होता. बॅटरी शोधता शोधता यंत्रापाशी बसला असणार. एकदा बसला की तो उठत नसे. रौनो त्या भांडारात, जुन्या मुकुटांच्या आणि तलवारींच्या मधे बसून ढसाढसा रडला. ओस्मो कॉफी घेऊन आला, त्याने बघितलं, कप खोक्यावर ठेवला आणि काही न विचारता दार ओढून घेऊन गेला. आमच्याकडे याला फार मोठी माया म्हणतात.

घरी आल्यावर मात्र जित्याची खोड उफाळून आली. शनिवारी हे ऐकवायचं, तर ते अकरा 'गप्प' कशाला? त्याच्यासारख्या कसबी माणसाला दहा मिनिटांचं काम. सांधा कुठे होता ते कोणाला सापडलं नसतं. पोरगी बोलतेय, बोलतेय, ससा, दात, लाल टोपी, आणि बाप कुठेच नाही, म्हणजे बापाचा दोषही नाही. त्याने पहिला 'गप्प' कापला आणि ऐकून बघितलं. ईना मधेच थांबत होती, मधेच दबकत होती, आणि का ते कळत नव्हतं. वेडीबिद्री वाटत होती पोर. रौनोने तो 'गप्प' होता तिथे परत ठेवला. अठरा मिनिटं, जशीच्या तशी. उभ्या हयातीत त्याने न छाटलेली ही पहिली गोष्ट.

शनिवारी पहाटेची गाडी पकडून तो युव्हास्क्युलाला पोचला. ईनाने दार उघडलं. पस्तीस वर्षांची बाई, डोळ्यांखाली थकवा, कपाळ अगदी रौनोचं.

"आलात."

"आलो."

साइमीच्या मैत्रिणींबरोबरचा वाढदिवस कालच उरकला होता, आज फक्त घरचे, असं ती म्हणाली. नवरा कामावर होता. टेबलापाशी ती, साइमी आणि रौनो, एवढेच होते. 'घरचे' हा शब्द ऐकून रौनोने उचललेला केकचा तुकडा बशीत परत ठेवला. साइमीने त्याला आपला पडलेला दात डबीतून काढून दाखवला. मग त्याने छोटा स्पीकर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मी यातलं काही कापलेलं नाही." ईनाने त्याच्याकडे पाहिलं.

सशाला साइमी खूप हसली. "आई, तू अगदी माझ्यासारखी बोलतेस!" मग 'गप्प' येत गेले. सातव्या-आठव्याला साइमी म्हणाली, "आजोबा, तू किती वेळा गप्प म्हणतोस!"

"हो," रौनो म्हणाला. "फार वेळा."

मग स्पीकरमधलं दार लागलं. ईनाचा हात कपावर होता, तो तिथेच राहिला. नळ ठिबकला, ससा बुटात सापडला, थंडी वाजली. साइमीसुद्धा हसायची थांबली. सूर आला, गेला, पुन्हा आला. हेल्वीबाई आल्या आणि टेप संपली. साइमी हळूच खुर्चीवरून उतरून आत कुठेतरी गेली.

"किती वेळ होता तो?" ईनाने विचारलं. "तुम्ही गेल्यापासून हेल्वीबाई येईपर्यंत."

"सहा मिनिटं. वीस सेकंद."

"सहा?" ती कपाकडे बघत राहिली. "मी सगळ्यांना सांगत आलेय, की तासभर. नवऱ्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. बाप मला तासभर तळघरात विसरला होता. मला अजून तासच आठवतो."

चार सेकंदांची चाळीस मिनिटं करणारा माणूस तो. सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी नाटकघरात लोकांशी हुज्जत घालणारा. तो म्हणाला, "मग तासच असेल, ईना. यंत्राचं काय, यंत्राला काय कळतंय."

ईनाने मान वर केली. तिचे डोळे भरले होते.

इतक्यात आतून, न्हाणीघरातून, फरशांवर घुमत आवाज आला.

"आऽऽ!"

रौनोची मान आपोआप कलली. सवयच ती. सूर किती स्वच्छ, फरशा किती छान धरतायत, हे त्याचे कान मोजू लागले. आवाज विरला. मग पुन्हा आला, थोडा मोठा. "आऽऽ!"

"बाबा, ऐकत काय बसलायस?" ईना म्हणाली. "जा ना. तुला बोलावतेय ती."

रौनो उठला. खुर्ची मागे धाडकन पडली, ती उचलायलाही तो थांबला नाही.